धुरी

कुंडीवर टोपली पालथी घालून भिकाजीने खाली धुपाटणं सरकवलं आणि तो उकिडवा बसून राहिला.

"काय रे, बाळंतिणीच्या बाजल्याखाली देतत तशी धुरी देतंस?" स्वयंपाकघराच्या दारातून कृष्णाबाई म्हणाली. ती इथली स्वयंपाकीण, तो माळी, दोघंही कुडाळकडची.

"गप ऱ्हव गो. बी रुजाक व्हया."

आखातातल्या फुजैऱ्याच्या या बंगल्यातलं ते झुडूप मूळचं आफ्रिकेतलं, प्रोटिया. मालकाच्या आईने, यम्नाने, हौसेने आणून लावलेलं. फुलं ताटलीएवढी, गुलाबी. यंदा यम्ना वारली आणि उन्हाळ्यात झुडूपही वाळलं. उरलं एक सुकं बोंड. त्यातलं बी तिकडच्या रानात वणवा लागून गेल्यावरच रुजतं, त्याला धूर लागतो, एवढं मालकाने, हम्मादने, शोधून काढलं होतं.

"एक भी निकला तो बस, भिकाजी," तो म्हणाला होता. होतं तेवढं बी याच कुंडीत पेरलं होतं.

हम्माद रोज वाकून बघायचा, ड्रायव्हर बघायचा, शेजारीसुद्धा डोकावून जायचे. कृष्णाबाईला ते खपेना.

"सगळ्यांची नजर तेच्यार. रुजतला कसा?" म्हणत तिने मीठमोहऱ्या कुंडीवरून ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या.

त्याच आठवड्यात कोंब आले. पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात हम्माद तिथेच मातीत बसला आणि त्याने बहिणीला फोन लावला. भिकाजीने चष्मा पुसून पाहिलं. जोडीजोडीने आलेली, मधे खाच असलेली पानं. गावच्या परसात अशी कितीदा पाहिलेली.

ओवाळताना मोहरी सांडली होती.

कृष्णाबाईनेही ओळखलं. "सांगा नको," ती कुजबुजली. "किती खूश आसा तो."

"आणि पिवळी फुला इली मगे?"

घरातले सगळे नोकर मालकाला बाबा म्हणत. फोन संपायची वाट न बघता भिकाजी म्हणाला, "बाबा, ये अम्मा का नहीं है. राई है. हमारे हाथ से गिरा."

हम्माद फोनवर अरबीत दोनच शब्द बोलला. मग फोन खिशात ठेवला.

"अम्मावाला आएगा?"

"मालूम नहीं, बाबा."

मातीला धक्का लागू नये म्हणून भिकाजी चिमटीने एकेक रोप उपटू लागला. हम्माद शेजारीच बसून राहिला. थोड्या वेळाने त्यानेही हात पुढे केला. प्रत्येक रोपाला बोट लावून आधी विचारायचा, "ये भी?"

"हां, बाबा. ये भी."