सोफा मल्लप्पांचा आहे

मी फाईल बोलतेय. एका बँकेच्या सोलापूर कार्यालयातली. सात रस्ता चौकातल्या दुकानातून डझनभर बहिणींबरोबर आले. बहिणींच्या वाट्याला कुणाच्या रजा आल्या, कुणाच्या बढत्या. माझ्या वाट्याला सिद्धराम आले, तेही वारल्यानंतर.

सिद्धराम याच बँकेत शिपाई होते. नोकरीत असतानाच गेले. मागे पत्नी गुरम्मा आणि मुलगी दानेश्वरी. अनुकंपा तत्त्वावर मुलीला नोकरी मिळावी, हा अर्ज माझ्या पोटात पहिला शिरला. कपाळावर लाल शाईने 'तातडीचे' लिहिलं आणि मला कपाटात ठेवलं. तिथे मी दोन वर्षं होते.

मग दाखले सुरू झाले. सिद्धराम खरंच वारलेत, याची बँकेने तीनदा खात्री करून घेतली. हयातीत त्यांची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. दानेश्वरी दर महिन्याला येऊन टेबलाशी उभी राहायची. हेडक्लार्क वच्छलाबाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "आलीस? फाईल फिरतेय गं." मी फिरत नव्हते. त्यांच्या जेवणाच्या डब्याखाली होते.

शेवटी घरपाहणी ठरली. कुटुंब खरोखर अडचणीत आहे का, ते आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी डोळ्यांनी पाहायचं. त्यांच्या बॅगेतून मीही गेले. बाहेरच्या खोलीत ऐसपैस तांबडा सोफा होता. गुरम्मांनी शेंगापोळी वाढली, वर तूप. साहेब तिसऱ्या पोळीला "नको, नको" म्हणाले आणि ती खाल्ली.

आतून कुजबुज आली.

"अव्वा, ते आपली परिस्थिती बघायला आलेत."

"व्हय, म्हणूनच की! बँकेचा साहेब दारात आलाय, त्येला काय फरशीवर बसवू? तुझा बाप काय म्हणला असता?"

साहेबांना ऐकू गेलं नाही. ते चावत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा टंकलेला अहवाल माझ्यात आला : 'घरात उत्तम सोफा. पाहुणचार सढळ. कुटुंब सुस्थितीत दिसते.'

सोफा शेजारच्या मल्लप्पांचा होता. सकाळी चौघांनी उचलून आणला, संध्याकाळी परत नेला.

अर्ज फेटाळण्याची नोटीस निघाली. नियम असा, की कर्मचारी वारल्यापासून पाच वर्षांत नेमणूक झाली नाही, तर प्रकरण कायमचं बंद. पाच वर्षं भरायला अठरा दिवस होते. वच्छलाबाईंनी प्रथमच डबा बाजूला सरकवला. "आजच खुलासा द्या. आम्ही गरीब आहोत, असं लिहून आईची सही."

गुरम्मा आल्या, बरोबर मल्लप्पा.

"गरीब लिवायचं न्हाय," गुरम्मा म्हणाल्या.

"अहो, मग काय लिहायचं? सोफा उडत आला?"

"सोफा माझा हाय की," मल्लप्पा म्हणाले. "म्हशीवानी जड हाय. हितं आणून दाखवू का?"

दानेश्वरी हातातला कागद घडी घालून उलगडत होती. "अव्वा, ही गेली तर दुसरी संधी नाही गं."

गुरम्मा लेकीकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "लिही. घरात बसायला काय न्हवतं. पाव्हण्याला खाली बसवायची लाज वाटली, म्हणून सोफा मागून आणला. चूक माझी. पोरीची न्हाय."

सही करताना त्यांनी पदराआड हात घेतला. मल्लप्पांनी खाली साक्षीदार म्हणून आपली सही ठोकली.

आज मी वरिष्ठ कार्यालयात आहे, गठ्ठ्यात सातवी. वरच्या सहाजणी चांगल्या गुटगुटीत आहेत. नऊ दिवस उरलेत; त्यांत उद्याचा चौथा शनिवार आणि दोन रविवार. पंख्याचा वारा लागला तरी मला वाटतं, कुणी हात लावला.

मोठे साहेब, पाहणीचा अहवाल टंकलेला आहे, तो लगेच डोळ्यांत भरेल. तिथे थांबू नका. शेवटचं पान हाताने लिहिलंय, तेवढं वाचा. आज शुक्रवार आहे, आणि तुम्ही घरी निघायला खुर्चीवरची पिशवी आत्ताच उचललीत.