कपाखालची बशी

मित्रांनो, मी एक जुनी बशी आहे. कडेला निळी रेघ आणि मधे कप टेकवायला गोल खळगा, एवढंच माझं रूप. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. पण माझ्या जागी असता तर तुम्हीही जळला असता.

कोल्हारच्या रंगनाथ आजोबांच्या घरी मी एका कपाबरोबर आले. आम्ही दोघं एकाच भट्टीत भाजलेले. तरी लोक 'कपबशी' म्हणतात. 'बशीकप' असं कुणाच्या तोंडून कधी ऐकलंय? चहा आधी त्याच्यात, धरायला कान त्याला, गुलाबाचं फूलही त्याच्यावरच. पाहुणे त्या गुलाबाचं कौतुक करायचे आणि मी खाली बसून सांडलेलं झेलायचे.

सुख एकच होतं. आजोबांना कपातून चहा पिता येत नाही, त्यांची जीभ पोळते. सकाळी पडवीत बसून ते अर्धा चहा माझ्यात ओतायचे, फुंकर घालायचे आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल असा फुरका मारायचे. कपातला उरलेला अर्धा गोजरबाई आजी प्यायच्या. त्या दोघांसाठी दुसरा कप कधी निघालाच नाही.

यंदा शाळेत 'आमच्या घरचा चहा' असा चित्रकलेचा उपक्रम निघाला. घरातली वडीलधारी माणसं ज्यातून चहा पितात ते भांडं रंगवून प्रदर्शनासाठी आणा, असं रुपाली मॅडमनी सांगितलं होतं. आजोबांची नात निकिता धावत घरी आली आणि तिनं कप उचलला. मग मलाही उचललं. माझाही नंबर लागला म्हणून मी हरखून गेले, तर तिनं माझ्यात रंग कालवले. त्याला नटवायचे रंग, आणि तेही माझ्याच अंगावर! त्याच्यावर प्रवरा नदीचा पूल उमटला, उसाची बैलगाडी उमटली. माझ्या वाट्याला नुसते डाग आले. तो तिच्या हातातून निसटावा आणि फुटावा, असं मला मनापासून वाटलं.

कप शाळेत गेला. माझे डाग निघेनात, तेव्हा निकिताच्या आईनं, रेश्मानं, मला अंगणात कोंबड्यांच्या पाण्यासाठी ठेवून दिलं. तिकडे तो टेबलावर मिरवत होता आणि इकडे कोंबड्या माझ्यात चोच बुडवत होत्या. आजोबा-आजींना चहा दोन वेगवेगळ्या मगांत मिळाला. आजोबांची जीभ पोळली. त्यांनी तो मग बाजूला ठेवला आणि उठून अंगणात आले. मला उचलून त्यांनी राखेनं खसाखसा घासलं, पिशवीत टाकलं आणि आजींना घेऊन प्रदर्शनाला निघाले.

शाळेत पालकांना कागदी कपातून चहा दिला. आजोबांनी पिशवीतून मला काढलं, चहा माझ्यात ओतला आणि सगळ्यांदेखत फुरका मारला. पोरं हसली. मॅडमनी रंगवलेल्या कपाकडे बोट दाखवून विचारलं, हा तुमचाच कप ना?

"ह्यो हिचा हाय," आजींकडे बघत आजोबा म्हणाले. "म्या कपातून च्या कवा पिलोच न्हाई."

निकिताचा चेहरा उतरला. "आजोबा, मग मी चुकीचं भांडं आणलं?"

"चुकीचं न्हाई, बाळा. अर्धं आनलंस."

निकितानं माझ्यातला ओलावा फ्रॉकला पुसला आणि मला कपाखाली ठेवलं. कपासमोर ठेवलेल्या कागदावर तिनं 'कप' लिहिलं होतं, त्याला 'बशी' जोडलं. माझं नाव मागूनच लागलं. ते मला खटकलं, आजही खटकतं.

मित्रांनो, घरातलं काही कौतुकानं उचलाल तेव्हा त्याची जोडी मागे राहत नाही ना, तेवढं बघा. मागे राहिलेल्याला कोंबड्यांपुढे बसावं लागतं.

आता आम्ही दोघं घरी परतलो आहोत. त्याच्यावर पूल आहे, बैलगाडी आहे, आणि माझ्यावर न निघालेला एक हिरवा डाग. मी अजूनही जळते. पण सकाळी पडवीत आजोबा त्याला माझ्यावर वाकवतात. तेवढ्यापुरता तो अर्धा होतो आणि मी भरते.