म्वानैशाचा पाय

पेडलचं रबर उजव्या कडेला झिजून गुळगुळीत झालेलं... शेचांबो मिस्त्रीने चप्पल काढून अनवाणी तळवा त्यावर टेकवला – ब्रेकचं दुखणं तळव्याला कळतं, बुटाला नाही, असं तो चाळीस वर्षं सांगत आला होता – आणि हळूच दाबलं. घट्ट. म्हणजे नळीत हवा नाही, ऑइलही काठोकाठ. मग म्वानैशाची ही तीस वर्षांची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी माल भरला की लुशोटोच्या घाटात थांबत का नाही?

"तुझा पाय जड आहे, पोरी," असं त्यानेच म्वानैशाला दोनदा सुनावलं होतं, दोन्ही वेळा पुढच्या ब्रेकची पॅड घासून लोखंडाला भिडली तेव्हा. बारा वर्षं कोबीची पोती घाटातून उतरवणारी बाई, आणि मुकाट ऐकून गेली. आता तिने गाडी विकायला काढलीय; उद्या गिऱ्हाईक येणार. जड पायाच्या माणसाने घाटात उतरू नये, असं आता तीच म्हणते!

बाहेर ओट्यावर ती आलुबुखार खात बसली होती. धुकं विरून छान ऊन पडलं होतं आणि शेचांबोला, खरं सांगायचं तर, मजेत वाटत होतं... जॅक, पाना, आल्याचा चहा. मागच्या चाकाचा ब्रेक-ड्रम निघाला. आत घासून चाक धरणारे लायनर, त्यानेच दोन वर्षांपूर्वी बसवलेले, कोरे करकरीत. गेल्या खेपेला हे बघून तो स्वतःवर किती खूश झाला होता – इतके दिवस झाले, तरी माझं काम बघा! – दोन वर्षं... अरे, पण जे झिजलंच नाही, त्याने चाक धरलं तरी कधी?

तो गाडीखाली सरकला. मागच्या एक्सलला जोडलेला करंगळीएवढा दांडा: ओझ्याने गाडी खाली बसली की तो वर ढकलला जातो आणि मागच्या ब्रेकला जोर मिळतो. तो खाली लोंबत होता. गाडी बसणार कशी? स्प्रिंगच्या कमानीत दोन जादा पाटे, तिला ताठ धरणारे – या डोंगरावर सगळेच घालतात, पोती जास्त चढतात – आणि घातले कुणी? मीच. दोन वर्षांपूर्वी, ह्याच हातांनी, शीळ घालत. भरलेली गाडी त्या दांड्याला रिकामीच वाटत राहिली, सगळा जोर पुढच्या ब्रेकवर पडला, आणि मी... मी तिच्या पायाला नावं ठेवली.

दांड्याचा सांधा तीन बोटं उंच करायला अर्धा तास पुरला. कुणी बघितलं नव्हतं. गुपचूप मिटवता आलं असतं. नट आवळताना तसा विचार त्याच्या मनात आलाही, नाकारायचं कशाला.

"म्वानैशा, ये इकडे. वाकून बघ. ही चूक माझी. तुझ्या पायात काही खोट नव्हती."

त्याने सगळं सांगितलं. तिने वाकून तो दांडा बोटाने हलवून पाहिला.

"दोन वर्षं, मिस्त्रीबाबा! दोन वर्षं नवऱ्याची बोलणी खाल्ली मी."

"हो."

"वळणावळणाला अल्लाचं नाव घेतलं."

"हो गं."

"आणि तुम्ही इथे चहा ढोसत होतात!" ती हसली की रागावली, कळेना. मग तिने पायातले जोडे काढून भिरकावले. "पोती चढवा. आणि बसा शेजारी, पळू नका."

उद्याच्या गिऱ्हाइकाबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही, त्यानेही विचारलं नाही. घाट सुरू झाला. दुसऱ्याच्या शेजारी बसलं की शेचांबोचा उजवा पाय वळण येताच आपोआप खालचा पत्रा दाबायचा, लोक हसायचे त्याला. तो वाट बघत राहिला... पहिलं वळण, दुसरं, मागून गाडी कशी दमदार बसत होती... तिसरंही गेलं. पाय तसाच पडून होता, अनवाणी, ऊन खात.