सात फूट खाली

नकाशा पाचव्यांदा बदलला आणि पाचव्यांदा आप्पांची खोली खाली सरकली.

पहिल्या नकाशात ती रस्त्याला लागून होती. फाटकातून आत आलं की दार, दारातून थेट खाट. दुसऱ्यात तिथे हॉल आला, कारण आलेल्या माणसाला आधी हॉल दिसला पाहिजे असं वहिनीचं म्हणणं. तिसऱ्यात थोरल्याची गाडी आली. गाडी अजून घेतलेली नाही, घ्यायची आहे. पण तिच्या डोक्यावर छप्पर ठरलं. चौथ्या-पाचव्यात काय काय आलं ते सोडा. सहाव्यात आप्पा प्लॉटच्या तळाला पोचले. तिथे वरच्या चार घरांचं सांडपाणी झिरपून डबकं झालं होतं आणि डबक्यात कुणीतरी फेकलेली गादी कुजत होती.

ओळंब्याला गादीची शिसारी नव्हती. ज्याने जन्मभर लोकांच्या बाथरूमच्या फरश्या उखडल्या त्याला गादीचं काय! त्याला शिसारी आली ती नकाशावर वाकलेल्या डोक्यांची.

ओळंब्या हा घरातला धाकटा, फरशी बसवणारा. कुठल्याही साइटवर गेला की आधी कोपऱ्यात ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघणार, म्हणून कामावरच्यांनी हे नाव पाडलं आणि ते घरापर्यंत आलं. थोरला विम्याच्या ऑफिसात हेडक्लार्क; बोलण्याआधी घसा खाकरणार, जणू खाली कुणी लिहून घ्यायला बसलंय. आणि आप्पा म्हणजे त्यांचे वडील. चाळीस वर्षं रोडरोलर चालवून त्यांनी लोकांचे रस्ते सपाट केले आणि निवृत्तीच्या पैशांत स्वतःला घेतला तो हा उताराचा प्लॉट. रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत साठ फूट लांब आणि तेवढ्यात नऊ फूट खाली गेलेला. उताराचा म्हणून स्वस्तात मिळाला. त्या स्वस्ताईचं उट्टं आता निघत होतं.

“खालचा संडास काढलाय,” आर्किटेक्ट म्हणाला. त्याचं ऑफिस इतकं गार आणि स्वच्छ होतं की तिथे हा शब्दसुद्धा धुऊन आल्यासारखा वाटला. “गटाराची लाइन वर रस्त्यात आहे. खालची घाण वर चढवायची तर टाकी लागते, पंप लागतो. तुमच्या बजेटला झेपत नाही. भराव आणि भराव धरायची भिंत, यातच चौथा हिस्सा गेलाय.”

“भराव कशाला मग?” ओळंब्या म्हणाला. “उताराबरोबर घर उतरू द्या की. टप्प्याटप्प्यानं. भिंत निम्मी होईल.”

“तू फरशीचं बघ,” थोरला म्हणाला. “हॉल आणि गाडी एका पातळीत हवी.”

“आणि आप्पा? ते जाणार कुठे?”

आर्किटेक्टने पेन्सिलीचं टोक टेकवलं. “वरच्या संडासात. हे त्यांचं दार, हा संडास. केवढं अंतर आहे? तीन बोटं.”

कागदावर खरंच तीन बोटं होती. मधे बारीक बारीक रेघा होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या.

“हे दात म्हणजे जिना ना?”

“चौदाच पायऱ्या आहेत.”

“त्यांचा खुबा मोडलाय.”

“अरे, सळई घातलीय ना त्यात,” थोरला म्हणाला. जणू सळई घातली की माणसाचा कॉलम होतो.

वहिनी मऊ आवाजात म्हणाली, “भावोजी, रात्रीपुरतं भांडं ठेवता येईल. हल्ली झाकणाची मिळतात, कळतसुद्धा नाही काय आहे ते.”

“सकाळी उचलणार कोण? तुम्ही?”

वहिनीने नखांकडे बघितलं. थोरल्याने घसा खाकरला. कोपऱ्यात कप धरून बसलेले आप्पा म्हणाले, “माझं काही नाही रे. कुठेही टाका.”

ओळंब्याला त्या वाक्याचाही वीट आला होता. माझं काही नाही, माझं काही नाही म्हणत म्हातारा सहा नकाशे घसरत आला होता. एकदा काठी आपटून म्हणाला असता, की प्लॉट माझा आहे, तर पहिल्याच नकाशावर शाई वाळली असती.

“सही सोमवारी करू,” ओळंब्या म्हणाला. “रविवारी मी जागेवर आखणी करून देतो. चुन्याच्या फक्कीनं, पुऱ्या मापाची. सगळ्यांनी यायचं.”

“त्याची आत्ता गरज नसते,” आर्किटेक्ट म्हणाला.

“फुकट करतो.”

फुकट म्हटल्यावर थोरल्याचा चेहरा खुलला.

रविवारी उजाडताच ओळंब्या आणि त्याची बायको प्लॉटवर गेले. ती दोरीचं टोक धरायची, तो खुंट्या ठोकायचा आणि दोरीखालून चुन्याची फक्की सोडत जायचा. वरून खाली उतरत दहाच्या सुमाराला सगळं घर पांढऱ्या रेघांत जमिनीवर पसरलं. शेवटी गादी काठीने ओढून बाजूला केली. तिच्याखाली वळवळ होती. तिथे आप्पांची खाट येणार होती.

दहा वाजता मंडळी आली. ओळंब्याने प्लास्टिकची खुर्ची तळाला नेऊन ठेवली आणि दोघा भावांनी आप्पांना दोन्ही बगलांत धरून खाली उतरवलं. थोरल्याचा बूट डबक्यात गेला तसा तो शी करून किंचाळला. “काय वास मारतोय इथे!”

“आप्पांच्या खोलीत आहेस तू,” ओळंब्या म्हणाला. “जरा हळू बोल.”

मग त्याने पाण्याची नळी काढली. उंचसखल जागेत पातळी बघायला मिस्त्री लोक वापरतात ती, पारदर्शक, लांबलचक. नळी कितीही वेडीवाकडी पसरा, दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीवर उभं राहतं. वरचं टोक वहिनीला संडासाच्या चौकोनात जमिनीशी धरायला लावलं. खालचं टोक आप्पांच्या खुर्चीजवळ रोवलेल्या बांबूवर तो सरकवत गेला. पाणी आप्पांच्या कानाच्या वर गेलं, टोपीच्या वर गेलं, उभ्या थोरल्याच्याही वर जाऊन थांबलं. तिथे त्याने लाल चिंधी बांधली.

“सात फूट. ही तुमची तीन बोटं. दादा, आता असं धर की आप्पांना लागलीय. ने बघू वर.”

“नाटकं करू नकोस.”

खुर्चीतून बारीक आवाज आला. “नाटक नाही रे. मला खरंच लागलीय. टॅक्सीतच लागली होती.”

मग दोघे भाऊ वाकले. रस्त्यापलीकडे गॅरेजवाल्याचा संडास होता, तिथवर न्यायचं ठरलं. पण भुसभुशीत मातीत आप्पांचा एक पाय पुढे पडायचा आणि दुसरा मागे घसरायचा. थोरला मधेच थांबून धापा टाकायचा आणि त्याच्याबरोबर सगळे थांबायचे. निम्म्या चढावर आप्पा आपणहून थांबले. खाली बघत राहिले. पायजम्यावरचा डाग गुडघ्यापर्यंत उतरला.

“पोचलो असतो,” आप्पा म्हणाले. “जरासाच उशीर झाला.”

वहिनीने पदर नाकाला लावला. ओळंब्याला वाटलं, तो पदर तिच्या हातातून हिसकावून घ्यावा आणि आप्पांना पुसावं. त्याच्या बायकोने तेवढ्यात पिशवीतला टॉवेल काढून आप्पांच्या कमरेला गुंडाळलासुद्धा.

वर रस्त्याच्या कडेला पोचल्यावर थोरल्याने आधी स्वतःचा बूट गवतावर घासला. “मुद्दाम केलंस तू हे,” तो म्हणाला. “म्हाताऱ्याचे हाल करून दाखवलेस. हौस फिटली?”

“हाल मी केले? नकाशा कुणी—”

“थांब. एवढा कळवळा आहे ना, मग ते काय आहे?”

थोरल्याचं बोट गाडीच्या शेजारच्या जागेकडे होतं. रस्त्याला लागून, एकदम सपाट, कोरड्या जमिनीवर दहा बाय दहाचा चौकोन. आत ओळंब्याच्याच हाताने फक्कीने लिहिलेलं: गोडाऊन.

“चौथ्या नकाशाच्या वेळी अडून कोण बसलं होतं? माझं कटिंग मशीन जड आहे, चढ-उतार जमणार नाही, गोडाऊन वरच हवं म्हणून? तेव्हा नाही आठवला खुबा? तुझं मशीन उतरत नाही आणि बाप उतरतो!”

ओळंब्याला म्हणायचं होतं की मशीनवर माझं पोट आहे. की गाडी तर अजून शोरूममध्येच आहे. की तू कोण मला सांगणार. सगळं खरं होतं. पण समोर तो चौकोन होता. बाकीच्या रेघा हात आखडून मारलेल्या आणि ही चांगली चार बोटं रुंद, दोनदा फिरवलेली.

“सकाळी आधी तोच आखलात,” बायको हळूच म्हणाली. “कागद न बघता.”

सकाळपासून नाकात बसलेला वास आता थेट त्याच्याच अंगाला येत होता. सहा नकाशे हा भाऊ, ही वहिनी, तो पेन्सिलवाला, सगळ्यांवर तो मनातल्या मनात थुंकत आला होता. आणि थोरल्यासारख्या माणसाने, ज्याने बापाला टेकू देताना एका हाताने पँट वर धरली होती, त्या माणसाने त्याला त्याचं माप दाखवावं! आणि ते माप बरोबर असावं!

तो खाली गेला, डबक्याजवळची खुर्ची उचलून वर आणली, तिचे पाय गवताला पुसले आणि ती चौकोनाच्या मधोमध ठेवली. मग चपलेने ‘गोडाऊन’ पुसलं. आप्पांना आणून बसवलं.

थोरल्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका पसरली की बघवेना. “झालं! मिटला प्रश्न,” तो म्हणाला. “बघ, गाडीला धक्का न लागता मिटला. लगेच आर्किटेक्टला फोन करतो.”

“मशीन?” बायकोने विचारलं.

“खाली.”

“चार माणसं लागतील रोज वर काढायला.”

“लागू देत.”

आप्पा टॉवेल गुंडाळून चौकोनात बसले होते. त्यांनी चारी रेघांकडे बघितलं. “खिडकी कुठल्या अंगाला आहे रे?”

गोडाऊनला खिडकी नव्हती. ओळंब्याने रस्त्याकडची रेघ टाचेने तीन फूट पुसली. “इथे.”

“चार कर. रस्ता दिसला पाहिजे.”

त्याने आणखी एक फूट पुसली. आप्पांनी काठी लांबवून शेजारच्या, गाडीच्या रेघेवर टेकवली. “आणि ही तिकडे सरकव. संडास इथे हवा. माझ्या दारात.”

“आप्पा, पण गाडी कशी मावेल?” थोरल्याने फोन कानावरून काढला.

“आली का?”

“नाही, पण येणार आहे ना!”

“आली की बघू.”

थोरल्याने घसा खाकरला. ओळंब्याने फक्कीची पिशवी उचलली, गाडीच्या रेघेपासून आत पाच फूट मोजले आणि नवी रेघ मारली. बारीक मारली. बाकीच्या घरासारखीच.