जर्दाळूच्या लाटण्याला पडलेले कोडे

मित्रांनो, मी एक जुने लाटणे आहे, जर्दाळूच्या लाकडाचे. माझी गोष्ट सांगायला बसलो आहे खरा, पण तिच्यातले बरेचसे मला स्वतःलाच अजून नीट उमगलेले नाही. तुम्हाला उमगले तर बरेच आहे.

आमच्या मोरा नदीच्या खोऱ्यात वसंत आला आला म्हणता थंडी मागे फिरते आणि जर्दाळूचा मोहोर करपवून टाकते. आमच्या झाडाला फळ क्वचितच धरायचे. एका वर्षी वादळात त्याची थोरली फांदी मोडली. घरधनी बेलार्मिनो हा गावच्या पाटाचा पाटकरी. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचे ते तो ठरवी. पाटावर त्याचा आवाज पल्याडच्या टेकडीपर्यंत जाई, घरात मात्र तोंडाला कुलूप. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याने ती फांदी सुकवली, तासली, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केली आणि मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून तो चालता झाला.

त्याच्या बायकोने, ओतिलियाने, मला उचलून पाहिले. दारात जाऊन ती ओरडली, "अहो, हे लाटायला दिलंय की मारायला?"

त्याने मागे वळूनही पाहिले नाही. ती हसली की रागावली, ते मला कळले नाही. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

माझे काम सोपापिया लाटण्याचे. तुमच्या पुरीची थोरली, चौकोनी बहीण म्हणा. मैद्यात मीठ, बेकिंग पावडर आणि चरबी चोळायची, कोमट पाण्याने मळायचे आणि गोळा फडक्याखाली मुरू द्यायचा. मग मी फिरायचो. लाटून, चौकोन कापून ते कढत चरबीत सोडले की उशीसारखे टम्म फुगतात. गरम असतानाच कोपरा तोडायचा आणि आत मध ओतायचा.

फुगतात, असे मी ऐकलेले आहे. लाटून झाले की मला टेबलाच्या टोकाला पिठातच ठेवून देत, आणि चूल असे भिंतीच्या आड. मला फक्त चर्र आवाज ऐकू यायचा आणि माणसांचे उद्गार. पहिल्या वर्षी उद्गार काही बरे नव्हते. सोपापिया फुगतच नसत. ओतिलिया मला टेबलावर आपटून म्हणे, "मेल्या, तुझाच दोष!" मग एका रविवारी त्या फुगल्या. तिने पिठाच्या हातांनी मला छातीशी धरले आणि म्हणाली, "गुणाचं ते माझं!" मित्रांनो, दोन्ही वेळा मी सारखाच फिरलो होतो.

पुढे तिच्या सोपापियांचे नाव झाले. सणाला, बारशाला, मेंढ्यांची लोकर कातरायला माणसे जमली तरी तिलाच बोलावणे. सगळे तोंड भरून कौतुक करीत, एक बेलार्मिनो सोडून. तो खाई, आणखी एक घेई, मिशीचा मध पुसे आणि पाटावर जाई. ओतिलिया हातात झारा घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत उभी राही. मला वाटे, किती दगड आहे हा माणूस! पण लाकडाने दगडाला काय म्हणावे?

एका हिवाळ्यात ओतिलिया आजारी पडली आणि बर्फ वितळायच्या आत गेली. मी पिठाच्या डब्यामागे पडून राहिलो. माझ्यावर धूळ बसली, माझ्यावरून उंदीर फिरले. कोणी मला विचारले नाही, आणि काय झाले हे कोणी मला सांगितलेही नाही. मी आपला रविवारची वाट बघत होतो.

मग तिच्या वर्षाच्या मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचे, दिवस जवळ आले. मिस्सा झाली की गाव घरी जेवायला येणार. ओतिलियाची धाकटी बहीण सेनोबिया पाटापलीकडे राही. ती येऊन म्हणाली, "दाजी, रस्सा नि घेवडा माझ्याकडे. सोपापियाही मीच करते."

"नको. सोपापिया मी करणार."

"तुम्ही?" सेनोबिया खाली बसलीच. "अहो, चहा करताना तुमचं आधण करपतं!"

"मी करणार म्हटलं ना."

त्याने मला डब्यामागून काढले आणि शर्टाच्या बाहीने पुसले. त्याचा हात माझ्यावर पडला तो मला घडवल्यानंतर पहिल्यांदाच. कणीक त्याने अशी मळली, जणू पाटाचा बांध घालतोय. लाटली तर एकीकडे जाड, दुसरीकडे भोक. चर्र आवाज झाला आणि मग शांतता. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याने मैदा बदलला, चरबी बदलली, रागाने भिंतीवरच्या संताची तसबीर उलटी केली आणि घाबरून पुन्हा सुलटी केली. मग मला उचलून खिडकीशी नेले आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "तू तिच्या हातात कसा फिरायचास, सांग की रे."

मी काय सांगणार? मी तर हात नेईल तसाच फिरतो. तो माझ्यावर कपाळ टेकून बराच वेळ उभा राहिला. सपाट सोपापियांसाठी एवढा मोठा माणूस रडतो, हे मला मुळीच समजले नाही.

तेवढ्यात सेनोबिया आत आली. तिने ताटातल्या चकत्या पाहिल्या. "अगबाई! बुटाचे तळवे छान झालेत." मग त्याचा चेहरा पाहून तिने बाह्या सारल्या. "लाटा. मी बघते. अहो, रेटू नका, गोळा काय शत्रू आहे? आणि चरबीत सोडल्यावर तसंच बघत काय राहता? वरून चमच्याने चरबी उडवा. उडवा, उडवा!"

आणि भिंतीआडून त्याचा आवाज आला, "अरे!"

एवढेच. पण मी समजलो.

पुढची मात्र फुगली नाही. "ही का नाही?" त्याने विचारले.

"मला काय ठाऊक? माझ्याही कधी फुगतात, कधी रुसतात. ताईच्याही रुसायच्या. ती त्या ताटात खाली दडवायची."

बेलार्मिनो टेबलाशी येऊन बसला. त्याची बोटे माझ्यावरून पुढेमागे फिरत होती. "सेनोबिया, एक विचारू? मी तिला कधी छान झाल्या म्हटलं नाही. ती काही बोलायची का?"

मी कान टवकारले. हे कोडे मलाही इतकी वर्षे छळत होते.

सेनोबिया म्हणाली, "म्हणायची, माझा नवरा बोलत नाही, पण आणखी एक उचलतो. मला तेवढं पुरतं."

त्याने सुस्कारा सोडला.

"आणि एकदा," ती पुढे म्हणाली, "माझ्या ओट्यावर बसून रडली. म्हणाली, मी मेल्यावर तरी हा काही बोलेल का गं?"

"मग यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही खरं, दाजी. मी खोटं कशाला सांगू?"

मित्रांनो, एकाच बाईला एकाच गोष्टीचे सुखही आणि दुःखही? मी गोंधळलो होतो. त्याचा चेहरा बघून वाटले, तोही माझ्याइतकाच गोंधळला आहे.

मिस्साच्या दिवशी घर भरले. त्यांची मुलगी ओर्लिंडा आल्बुकर्क शहरातून आली. बेलार्मिनो सकाळपासून लाटत होता, त्याच्या घामाने मी ओला झालो. ताटे गेली. काही सोपापिया फुगलेल्या, काही सपाट. त्याने एकही दडवली नाही.

लोक जेवत होते. मग एक म्हातारा शेजारी मोठ्याने म्हणाला, "बऱ्या जमल्यात, पाटकरी. पण ओतिलियाच्या हाताची सर नाही हो."

सगळे दचकले. ओर्लिंडा पटकन म्हणाली, "काका, बाबांनी किती खपून केल्यात..."

"थांब, बाळ." बेलार्मिनो उठून उभा राहिला. ज्याचा आवाज टेकडीपर्यंत जाई, तो पुटपुटला, "नाहीच सर. तिच्या..." तो अडखळला. "तिच्या फार छान व्हायच्या."

सेनोबिया डोळे पुसत म्हणाली, "दाजी, जरा मोठ्याने बोला. तिकडे ऐकू गेलं पाहिजे."

आणि तो पाटावर ओरडावा तसा ओरडला, "तिच्या फार छान व्हायच्या!"

लोक हसले, आणि हसता हसताच रडू लागले. ओर्लिंडा बापाच्या गळ्यात पडली. त्यात एवढे हसण्यासारखे काय होते आणि रडण्यासारखे काय, ते मला विचारू नका. ही गोष्ट तर सगळ्या गावाला आधीपासूनच माहीत होती.

संध्याकाळी ओर्लिंडा मला शहरात न्यायला निघाली होती. तो म्हणाला, "राहू दे इथंच. खायची असेल तर तू इकडे येत जा." ती येते अधूनमधून. तो लाटतो. कधी फुगतात, कधी नाही.

माझ्या अंगाला आता एक बारीक चीर गेली आहे. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला पाण्यात बुडवून ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा, कधीतरी तेलाचे बोट लावा. आणि पुरी फुगली नाही तर त्याला बोल लावू नका. का फुगली नाही, हे त्या बिचाऱ्यालाही कळलेले नसते.