काढून टाकलेला गिअरबॉक्स

“यात तुझी पट्टी कुठेय गं?” गिअरसरांनी पडद्यावर बोट टेकवलं.

चौघा विद्यार्थ्यांनी मिळून ऑनलाइन लिहिलेला प्रोजेक्टचा अहवाल समोर उघडा होता. शेजारी तक्ता. अहवालात कुणाचं किती लिखाण आहे, हे दाखवणाऱ्या तीन पट्ट्या चांगल्या धष्टपुष्ट होत्या. या मुलीच्या नावापुढे नुसती रेघ. ज्याची पट्टी नाही तो नापास, हा नियम खुद्द सरांचा. ‘सर, त्यानं काहीच केलं नाही’ ही रडगाणी ऐकून त्यांचे कान किटले होते. तक्ता आला आणि कटकट मिटली. महिनाअखेरीस निवृत्त होणाऱ्या माणसाला आणखी काय हवं!

“मी गिअरबॉक्स केला होता,” मुलगी म्हणाली. “मग काढून टाकला.”

“काढला? कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. ओझं घेऊन जिना चढणारी गाडी आहे ना सर. मध्येच गिअर अडकला तर जिन्यात दुरुस्त कोण करणार? तीन-तीन चाकांचा फिरता संच लावला की तोच पायरी चढतो, गिअर लागतच नाही.”

“मग बाकीचे तिघं मिठाची गुळणी धरून का बसले?”

“त्यांना वाटलं, काढून टाकलेलं कामही तक्त्यात दिसेलच. मलाही तसंच वाटलं. सर, नापास झाले तर लागलेली नोकरी जाईल.”

सरांनी अहवालाची जुनी प्रत उघडली आणि वाचतच राहिले. दात किती, ताण किती, तेल कुठून सोडायचं, सगळं जिथल्या तिथं. जन्मभर गिअर शिकवले, पण इतकं देखणं काम त्यांच्या हाती क्वचितच आलं होतं. मग त्यांनी तो गिअरबॉक्स नव्या गाडीत मनातल्या मनात बसवून पाहिला. इथे, तिथे, उलटा, सुलटा. कुठेच गरज नव्हती. पोरीचं बरोबर होतं, आणि ते मान्य करताना त्यांना जरा लागलंच.

“काढताना जीव तुटला नाही?”

“तुटला ना. रडले पण.”

“जा घरी. पास आहेस. चांगली पास आहेस.”

“पण सर, तक्ता...”

“तक्त्याचं मी बघतो.”

ती गेल्यावर सरांनी विभागातल्या सगळ्या शिक्षकांनी मिळून लिहिलेलं नियमांचं पान उघडलं. त्यात पट्टीचा नियम होता, ठळक अक्षरात. त्या पानावर सरांचं म्हणून तेवढं एकच वाक्य होतं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि पुसून टाकलं.

त्या पानाशेजारच्या तक्त्यात बाकीच्या शिक्षकांच्या पट्ट्या होत्या तशाच राहिल्या. सरांच्या नावापुढे आता नुसती रेघ होती. त्या रेघेकडे त्यांनी घटकाभर पाहिलं, चष्मा डबीत ठेवला आणि ते उठले.