टेबलावरची टकटक

नववीत मी शाळेच्या मासिकात शिरले ती फक्त फोटोंखाली नावं लिहायला, कारण त्या कामात कुणाशी बोलावं लागत नाही. आता बारावी संपतेय, मी संपादक आहे, आणि माझ्या शेवटच्या अंकाची गोष्ट सांगितल्याशिवाय मी ही शाळा सोडणार नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. छपाईला जाण्याआधी प्रत्येक लेख सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. ऐकताना शंका आली की टेबलावर टकटक करायची. तिचा अर्थ एकच: कशावरून? उत्तर नसेल तर वाक्य तिथल्या तिथे कापायचं.

माझा लेख मुलींच्या सॉफ्टबॉल मैदानावर होता. तिथे स्वच्छतागृह नाही. मुलांच्या बेसबॉल मैदानाशेजारी नवंकोरं आहे, पण मुलींच्या सरावाच्या वेळी त्याला कुलूप. मग आमच्या मुली खेळ अर्धवट टाकून हायवे ओलांडतात आणि पेट्रोल पंपावर पळतात. प्रिन्सिपल हॅलवर्सनना मी याबद्दल दोनदा विचारलं होतं, तेव्हा त्यांना वेळ नव्हता. वाचनाच्या दिवशी मात्र ते स्वतः येऊन बसले. बारावीचा पदवीदान समारंभ तोंडावर आलाय, पालक येणार, हा लेख राहू दे, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मार्गदर्शक मिस ब्रॅनिगन शांतपणे म्हणाल्या, आपल्या कॅन्सस राज्याच्या कायद्यानं काय छापायचं ते मुलं ठरवतात; टेबलाशी बसलाच आहात, तर टकटक करा.

माझी मैत्रीण कोरिन वाचू लागली. कुलपाच्या वाक्यावर हॅलवर्सननी टकटक केली.

"ते सगळ्यांसाठी उघडं असतं, डेसा."

"मी आठवडाभर रोज मुलींच्या सरावाच्या वेळी जाऊन कडी ओढून बघितली, सर. फोटो पुढच्या पानावर आहे."

मग 'शाळेला मुलींची पर्वाच नाही' यावर त्यांची पुन्हा टकटक. हे माझं सगळ्यात लाडकं वाक्य. कशावरून, ते मला सांगता येईना. सगळे बघत होते. मी ते स्वतःच्या हातानं कापलं, आणि गंमत म्हणजे लेख आणखीच धारदार झाला.

पुढे टकटक झाली नाही. वाचन संपल्यावर हॅलवर्सन त्यांचीही बाजू छापावी म्हणाले.

"जरूर," मी म्हटलं. "शाळा सुटायच्या आत द्या. पान थांबणार नाही."

मिस ब्रॅनिगनना कॉफीचा ठसका लागला.

ज्या कॉरिडॉरमध्ये धावलं म्हणून हॅलवर्सन पोरांना झापतात, त्याच कॉरिडॉरमधून ते दुपारी धावत आले. हातात पानभर मजकूर. शाळेची परंपरा, आमचं क्रीडाप्रेम, आणि अगदी तळाशी: कुलूप आज काढलं. मी कोरिनला मैदानावर पिटाळलं. तिचा फोन आला. दार सताड उघडं होतं, आत संघाची कॅप्टन मॅडेलिन हात धूत होती आणि मुलाखत द्यायला तिला सवड नव्हती.

मग मी पेन्सिल उचलली. परंपरा गेली, क्रीडाप्रेम गेलं. हॅलवर्सन खांद्यावरून बघत होते.

"एवढं कापतेस?"

"जागा तेवढीच आहे, सर. पण तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य मी वर घेतेय."

त्यांनी ते वाचलं आणि हसू दाबत मान डोलावली. मी पान छपाईला पाठवलं.